ब्रेक कुठे बसवायचा

आमचे घरमालक काका नव्या माणसाची ओळख त्याच्या गाडीपासून करून घेत. पाहुणा दारात बूट काढत असला की हे हळूच बाहेर सटकत, वाकून त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ तळहात धरत आणि वैद्य नाडी बघतो तसे मिनिटभर गप्प राहत. चाक गार निघालं तर आत येऊन "या, बसा, चहा घेणार ना?" गरम निघालं तरी चहा मिळायचाच, कारण तो काकू करायच्या, पण काकांचं "बसा" जरा तुटक यायचं.

मी नागपूरहून मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून आले आणि चार वर्षं त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत राहिले. त्या काळात एक मुलगा मला भेटायला साउथहॅम्प्टनहून गाडी चालवत आला. माझे आईबाबा तिकडे नागपूरला, म्हणून पसंती-नापसंतीची जबाबदारी काकांनी परस्पर स्वतःकडे घेतली होती. मुलगा तीन तास बसला, काकूंची थालीपीठं मागून मागून खाल्ली, आणि तो गेल्यावर काकांनी बाबांना फोन लावला, "मुलगा सज्जन आहे. फक्त ब्रेक उशिरा मारतो." बाबा घाबरले. रात्रभर विचार करून सकाळी मला दबक्या आवाजात विचारायला लागले, "म्हणजे पितो का गं?" मी त्याच मुलाशी लग्न केलं. ब्रेक अजूनही उशिराच मारतो.

काका मूळचे मिरजेचे. पन्नासेक वर्षांपूर्वी इकडे आले, एका बस डेपोत ब्रेक फिटर म्हणून लागले आणि ब्रेक फिटर म्हणूनच रिटायर झाले. सुपरवायझर व्हा म्हणून दोनदा विचारणा झाली, दोनदा त्यांनी नकार दिला. सुपरवायझर बस डेपोबाहेर सोडतो, त्यात काय मोठंसं, असं त्यांचं म्हणणं. "बस चालवायला कोणीही चालतं. थांबवायला माणूस लागतो," हे वाक्य ते लग्नात, बारशाला आणि एकदा तर एका शोकसभेतही बोलले, आणि तिथेही ते लोकांना पटलं. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी भाषण लांबवलं की माझ्या कानाशी येऊन सांगत, "इंजिन चांगलं आहे. ब्रेकमध्ये हवा शिरलीय, लागतच नाही."

रोज सकाळी दहा वाजता ते कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर जाऊन उभे राहत. कुठे जायचं नसायचं. येणाऱ्या बसचा ब्रेक ऐकायचा असायचा. ड्रायव्हरने दार उघडलं की हे खालूनच सांगत, पुढचं डावं चाक रडतंय, डेपोत दाखवून घे. ड्रायव्हर मंडळी "थँक्स, बॉस" म्हणून दार लावत. नव्या ड्रायव्हरांना जुने आधीच सांगून ठेवत असावेत, कारण काकांकडे कोणी विचित्र नजरेने बघितलेलं मला आठवत नाही. विचित्र नजरेने बघायचं काम घरात काकू करायच्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक फुलांचं दुकान होतं. काका तरुणपणी मामाच्या जुन्या बुलेटवर गाडी शिकले. त्या काळच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. इंग्लंडात आल्यावर पहिल्याच आठवड्यात डेपोतल्या कोणाची तरी जपानी मोटरसायकल त्यांनी फिरवायला घेतली. तिचं सगळं उलटं. निघण्याआधी काकांनी तीनदा घोकलं, उजवा पाय ब्रेक, डावा पाय गिअर. अर्धा मैल सगळं ठीक चाललं. मग झेब्रा क्रॉसिंगवर एक म्हातारी पुढे आली, आणि काकांचा डावा पाय मिरजेतल्यासारखा खाली दाबला गेला. म्हातारीला चुकवून ते सरळ फुलवाल्याच्या दुकानात. कोणाला खरचटलंही नाही, फक्त ट्यूलिपच्या चार बादल्या आडव्या झाल्या.

"डोक्याला माहीत होतं गं," काका सांगायचे. "पायाला माहीत नव्हतं. आणि घाबरल्यावर माणूस डोक्याला विचारत बसत नाही."

त्या दिवसापासून त्यांचा सिद्धान्त पक्का झाला: ब्रेक माणसाच्या अकलेला बसवायचा नसतो, भीतीला बसवायचा असतो. बसला ब्रेक कंपनीच ठरवून देते, त्यामुळे नोकरीत हा सिद्धान्त वापरायला कधी मिळाला नाही. तो सत्तरी उलटल्यावर मिळाला, डेरेकमुळे.

डेरेक हा त्यांच्याच डेपोतला जुना बस ड्रायव्हर. भाऊ गेल्यावर त्याने नोकरी सोडली आणि मँचेस्टरपासून तासाभरावरच्या डोंगरातली घरची मेंढ्यांची शेती सांभाळायला घेतली. बायको नाही, मूलबाळ नाही, मेंढ्या आणि एक बहिरं कुत्रं. आदल्या हिवाळ्यात बर्फ इतका साठला, की त्याची चारचाकी क्वाड बाइक वरच्या कुरणापर्यंत पोचलीच नाही आणि भिंतीच्या आडोशाला अडकलेल्या अकरा मेंढ्या गेल्या. त्यामुळे त्याने एक जुनी, चिखलात चालवायची मोटरसायकल आणली आणि तिला बर्फगाडी करायचं सेकंडहँड सामान आणलं. पुढचं चाक काढून तिथे एक रुंद स्की बसते, मागचं चाक काढून तिथे रणगाड्यासारखा रबरी पट्टा बसतो. सामान काकांच्या गॅरेजमध्ये उतरवून डेरेक म्हणाला, "नो रश. बिफोर द स्नो." तेव्हा सप्टेंबर होता.

स्की आणि पट्टा काकांनी एका आठवड्यात चढवला. राहिला ब्रेक. पुढे चाकच नसल्यामुळे या गाडीला एकच ब्रेक असतो, पट्ट्याच्या दांड्यावर. प्रश्न एवढाच, की तो उजव्या हाताच्या लिव्हरने दाबायचा की उजव्या पायाच्या पेडलने. दोन्ही जागच्या जागी होते, फक्त एकातून ब्रेकपर्यंत पाइप न्यायचा. कोणत्याही मेकॅनिकने चहा थंड व्हायच्या आत हे ठरवलं असतं. काकांना चार महिने लागले.

रोज जेवताना तोच विषय. पायाला बसवला तर बुटाखाली बर्फाचा गोळा जमतो, पाय पेडलवरून घसरतो. शिवाय उतारावर आडवं जाताना पाय बाहेर टेकवावा लागतो, मग ब्रेक कोण दाबणार? हाताला बसवला तर त्याच हातात ॲक्सिलरेटरची मूठ. घाबरल्यावर काही माणसं मूठ सोडून लिव्हर ओढतात, पण काही माणसं मूठच घट्ट पिळतात, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उडी मारते. वरच्या कुरणाखाली दगडाची जुनी खाण होती, सरळ चाळीस फुटांचा कडा. तिथे चूक झाली तर दुरुस्तीला गाडीही उरली नसती आणि डेरेकही.

"मग दोन्हीकडे बसवा," मी म्हटलं.

"दोन ब्रेक म्हणजे दोन जावा. प्रत्येकीला वाटतं, दुसरी बघेल."

त्यांचा मुलगा इथेच जन्मलेला, लंडनला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तू जस्ट पिक वन. इट्स अ ब्रेक."

"बघ," फोन ठेवल्यावर काका मला म्हणाले. "ह्याच्या गाडीत मी मागे बसतो ते उगीच नाही."

शेवटी त्यांनी शास्त्रीय मार्ग काढला. डेरेक घाबरला की त्याचं कुठलं अंग आधी हलतं, ते बघायचं. आधी पद्धत नीट बसावी म्हणून त्यांनी इतरांवर प्रयोग सुरू केले. "जरा बसून तरी बघा," असं म्हणून ते मंडळातल्या लोकांना गॅरेजमध्ये त्या चाक नसलेल्या गाडीवर बसवत, इंजिन अर्थात बंद, आणि बोलता बोलता मागून काकूंची पितळी परात सिमेंटच्या फरशीवर आपटत. गाडी चालवायला मोटारीवर शिकलेले उजवा पाय दाबत. पुण्यात स्कूटी चालवलेल्या बायका दोन्ही हातांची बोटं आवळत. मंडळाच्या अध्यक्षांनी कचकन मूठ पिळली आणि वर "अहो, काय हे!" म्हणून ओरडले. काकांनी वहीत नोंद केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याच्या हातात आपण मंडळ दिलंय."

माझ्यावर प्रयोग झाला तेव्हा मी दोन्ही हातांनी कान झाकले. "तू बसनेच जा," ते म्हणाले.

काकू मात्र एक दिवस भडकल्या. "अहो, परातीला पोचे आणलेत! पुरणपोळीचं पीठ आता काय तुमच्या डोक्यावर मळू?"

मग डेरेक आला. काकांनी त्याला गाडीवर बसवलं, लंबेचवडे प्रश्न विचारले आणि परात आपटली. गॅरेजच्या छपरावरची कबुतरं उडाली. डेरेकने सावकाश मान वळवली. "यू'व्ह ड्रॉप्ड युअर ट्रे," तो म्हणाला.

हात नाही, पाय नाही, पापणीसुद्धा नाही. पुढच्या खेपेला कानामागे फुगा फोडला. कोणाचा वाढदिवस आहे का, असं त्याने विचारलं. दिवाळीनंतर उरलेला लवंगी फटाका लावला. "लेफ्टओव्हर्स?" काकांनी मला त्याच्या पाठीमागून किंचाळायला लावलं. मी जीव तोडून किंचाळले. डेरेकने खिशातून खोकल्याची गोळी काढून मला दिली.

काका हताश झाले. माणूस आहे की खांब, असं त्यांनी मला मराठीत विचारलं. डेरेकला न सांगता कळलं असावं, कारण त्यानेच खुलासा केला. मेंढ्यांमध्ये राहणाऱ्या माणसाला दचकता येत नाही. तो दचकला की दोनशे मेंढ्या दचकतात आणि भिंतीवर जाऊन आदळतात. लहानपणीच बापाने ती सवय मोडून काढली होती.

"मग तू घाबरतोस कधी?" काकांनी विचारलं.

डेरेकने बराच वेळ विचार केला. "कान्ट से आय'व्ह हॅड टाइम."

काकांनी हाताचा एक आणि पायाचा एक असे दोन पाइप मापाने कापून तयार केले आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. डिसेंबरात डेरेक अधीर झाला आणि गाडी तशीच, बिनब्रेकची, शेतावर घेऊन गेला. बर्फ पडेपर्यंत ठरवून येऊन बसवतो, असा काकांनी शब्द दिला. शब्द देताना त्यांचा चेहरा उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडी ब्रेकशिवाय हातावेगळी केली होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता डेरेकचा फोन आला. "इट्स कम."

मला सुट्टी होती. काकू म्हणाल्या, "तू जा गं बरोबर. एकटे गेले तर तिथेच राहतील." दोन्ही पाइप, ब्रेक ऑइलचा डबा आणि अवजारांची पेटी घेऊन आम्ही निघालो. मोठ्या रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेलं होतं. शेतावरच्या वाटेने मात्र गाडी वर जाईना, म्हणून ती खालीच ठेवून चालत गेलो. काका माझ्यापुढे झपझप चालत होते आणि मी दोनदा आपटले. अंगणात डेरेक गाडीजवळ उभा होता, मागे गवताचा गठ्ठा बांधलेला.

"हात का पाय?" त्याने विचारलं.

"थोडा वेळ दे."

"वेळ नाही." वरच्या भिंतीशी तेवीस मेंढ्या अडकल्या होत्या, पोटुशा, आणि बर्फ त्यांच्या पाठीपर्यंत आला होता. चढावर ब्रेक कशाला लागतो, येताना हळू येईन, असं डेरेकचं म्हणणं. काकांनी हात आडवे केले. "उतारावर काय करशील? खाण आहे खाली!"

"गेल्या वर्षी अकरा गेल्या," डेरेक शांतपणे म्हणाला. "ह्या वर्षी नाही." आणि त्याने गाडीवर टांग टाकून इंजिन सुरू केलं.

मला पुढचं अगदी नीट आठवतं. काका स्कीच्या पुढे, दोन हात अंतरावर उभे होते. डेरेकने क्लच सोडला, पट्टा बर्फात रुतून फिरायला लागला, आणि त्याच क्षणी काकांचे दोन्ही पाय पुढे सटकले. ते पाठीवर पडले, थेट गाडीच्या वाटेत. मी ओरडले की नाही, मला माहीत नाही. डेरेकची मूठ मोकळी सुटली आणि उजव्या हाताची चारही बोटं त्या रिकाम्या लिव्हरवर आवळली गेली, जो कशालाही जोडलेला नव्हता. पाय जागचा हलला नाही. इंजिन धाप टाकून बंद पडलं, पट्टा बर्फात अडला, आणि स्कीचं टोक काकांच्या मांडीला लागून थांबलं.

डेरेकचा चेहरा पांढरा झाला होता. तो गाडीवरून उतरला, गुडघ्यावर बसला आणि काकांची कॉलर धरून त्यांना हलवायला लागला. "यू डाफ्ट ओल्ड मॅन! आय नियरली किल्ड यू!"

"हात!" काका बर्फात पडल्या पडल्या ओरडले. "उजवा हात! चारही बोटं! पोरी, तू बघितलंस ना?"

पुढच्या पंचवीस मिनिटांत त्या म्हाताऱ्याने जे काम केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. हाताचा पाइप जोडला, ऑइल भरलं, मला लिव्हर दाबायला लावून पाइपातली हवा काढली. "दाब. धर. सोड. दाब." कंबर दुखत होती, बोटं निळी पडली होती, आणि तोंडाने एकच जप: हात, हात, हात. आठ-दहा वेळा लिव्हर ओढून बघितल्यावर ते बाजूला झाले. डेरेक वर गेला.

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. इंजिनचा आवाज चढत गेला, मग थांबला. मग बराच वेळ मेंढ्यांची बें-बें. मग तो उतरायला लागला. खाणीच्या वरच्या वळणाशी तो दिसला, लहान ठिपक्याएवढा, आणि खाली यायच्या ऐवजी कड्याच्या दिशेने घसरायला लागला. काकांनी माझा दंड इतका जोरात धरला, की आठवडाभर वळ होते. ठिपका घसरला, घसरला आणि कड्याच्या अलीकडे थांबला. तिथे तो मिनिटभर तसाच उभा होता. मग इंजिन पुन्हा घरघरलं आणि गाडी सावकाश वळून वाटेला लागली. काकांनी दंड सोडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

सगळ्या तेवीस मेंढ्या जिवंत होत्या. डेरेकने आम्हाला चहा दिला. ब्रेकबद्दल एवढंच म्हणाला, "इट स्टॉप्स." डेपोत पंचवीस वर्षं त्याने यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणाला दिलं नव्हतं, असं काका मला नंतर अभिमानाने सांगत होते.

खाली गाडीपाशी पोचलो तेव्हा काकांना वाकता येईना. मी त्यांना सीटवर बसवलं आणि ओले बूट काढायला घेतले. बुटाच्या तळाला रबराची जाळी चढवलेली होती, आणि तिला बोटाच्या पेराएवढे पोलादी खिळे. बर्फावर पाय घट्ट रोवले जावेत म्हणून लोक असं काही चढवतात. काकूंनीच आणून दिलं होतं.

मी बूट हातात धरून बसून राहिले. वाटेवर मी दोनदा आपटले होते आणि हे झपझप चालत होते.

"काका, हे घालून कोणी घसरतं?"

ते खिडकीबाहेर बघत होते.

मला राग आला. खरंच आला. "आणि त्याने मूठ पिळली असती तर?"

"तर पायाला बसवला असता," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीर होऊन म्हणाले, "डेरेकला हे सांगू नकोस हं. कधीच नको. त्याला कळलं, तर पुढच्या वेळी त्याचा हात आधी विचार करेल."